डुकराची किडनी आणि चुगलखोर साखर

सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली की आपली रिक्षा बाजूला होते, हे तर रोजचंच. पण इंदूरमध्ये कधी कधी ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच सगळा रस्ता मोकळा केलेला असतो. चौकाचौकात पोलीस उभे, आणि एक गाडी सुसाट विमानतळाकडे निघालेली. तिच्यात पेशंट नसतोच! असते एक थंडगार पेटी आणि त्या पेटीत कुणीतरी जाता जाता दिलेलं हृदय, नाहीतर यकृत. हा ग्रीन कॉरिडॉर. आपल्या शहरात २०१५ पासून असे कितीतरी झाले. एवढी घाई कशाला? कारण बर्फात ठेवलेलं हृदय जेमतेम चार-सहा तास टिकतं.

पण वाट पाहणारे खूप आणि देणारे थोडे. म्हणून शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं डुकराकडे. नाक मुरडू नका हं! डुकराची किडनी जवळजवळ आपल्या किडनीएवढीच भरते.

मग काढली आणि बसवली, असं का नाही करत? त्याला आडवी येते एक साखर. साखर म्हटल्यावर सराफ्यातला जलेबा आठवला ना? ही साखर तशी नाही. डुकराच्या प्रत्येक पेशीवर बारीक केसांसारखे साखरेचे तुरे असतात. त्यातला एक तुरा माणसाच्या पेशींवर नसतो. आपल्या रक्तातले पहारेकरी, म्हणजे प्रतिपिंडं, तो तुरा दिसताच ओळखतात, ‘हा परका!’ आणि तुटून पडतात. गुलाबी किडनी काही मिनिटांत काळीनिळी पडते.

मग ही चुगली थांबवायची कशी? तो तुरा कसा विणायचा याची कृती डुकराच्या जनुकात लिहिलेली असते. ‘क्रिस्पर’ नावाची रेणूंची कात्री नेमकी ती ओळ कापते. हे काम होतं डुकराच्या एका पेशीत. मग त्या पेशीचं केंद्रक रिकाम्या केलेल्या बीजांडात ठेवतात, ते डुकरिणीच्या पोटात वाढवतात आणि जन्मतं बिनतुऱ्याचं पिल्लू! क्लोन करून जन्मलेली डॉली मेंढी आठवते? तीच युक्ती.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात रिक स्लेमन या ६२ वर्षांच्या गृहस्थांना अशी किडनी बसवली. तिच्या जनुकांत ६९ बदल होते. हिशेब करा: त्या तुऱ्याचं आणि तशाच आणखी दोन तुऱ्यांची, अशी साखरेची ३ जनुकं बंद, माणसाची ७ घातलेली आणि डुकराच्या जनुकांतच दडून बसलेल्या विषाणूंच्या ५९ प्रती निकामी केलेल्या. स्लेमन यांचं रक्त किडनीत सोडलं, तशी ती गुलाबी झाली आणि तिथेच, ऑपरेशनच्या टेबलावर, लघवी तयार करू लागली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या! लघवीला टाळ्या मिळाल्याचं मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

दोन महिन्यांनी स्लेमन वारले. ते किडनीमुळे गेले असं दिसलं नाही, असं हॉस्पिटलने सांगितलं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. जी वाट कुणीच चालून पाहिली नव्हती, तिच्यावर त्यांनी पाय ठेवला.

आणि ती डुकरं? त्यांना जंतू लागू नयेत म्हणून बंद, स्वच्छ गोठ्यात वाढवतात. आत जाणाऱ्या माणसालाही आधी अंघोळ करावी लागते. माणसासाठी त्यांचा जीव घ्यावा का, हा प्रश्न मलाही पडतो. तुम्ही वर्गात विचारून बघा.

जानेवारी २०२५ मध्ये त्याच हॉस्पिटलात टिम अँड्र्यूज यांना अशीच किडनी मिळाली. ती त्यांच्या शरीरात राहिली २७१ दिवस.