पाहुण्यांना थोपवणारा मुलूख

मराठी माणसाच्या युरोप दौऱ्यात फ्रान्सच्या वाट्याला बहुधा पॅरिसचे दोन मुक्काम येतात. आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट, मोनालिसासमोरची रेटारेटी, की बस निघाली स्वित्झर्लंडला. त्याच पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवर, बोर्दोच्या पूर्वेला एक जिल्हा आहे. क्षेत्रफळाने तो आपल्या साताऱ्याहून थोडा लहान, पण वस्ती चार लाखांच्या आसपास. सरकारी नाव दोर्दोन्य, तिथून वाहणाऱ्या नदीवरून पडलेलं. लोक मात्र अजूनही जुन्या नावानं पेरिगोरच म्हणतात. पर्यटन खात्यानं त्याचे हिरवा, पांढरा, जांभळा आणि काळा असे चार रंगांचे भाग पाडलेत. काळा म्हणजे ओकच्या गर्द रानाचा. या लेखात आपण बहुतेक वेळ या काळ्या पेरिगोरमध्येच आहोत.

सुट्टी घालवायला फ्रान्समध्ये सुंदर खेडी काही कमी नाहीत. पेरिगोरचं वेगळेपण हे, की पाहुण्यांना काय दाखवायचं याच्याइतकाच, त्यांच्यासाठी काय बंद ठेवायचं याचा विचार इथे फार लवकर झाला.

सुरुवात वेझेर नदीच्या खोऱ्यापासून करावी. चुनखडीच्या कड्यांमध्ये इथे शेकडो कपारी आहेत आणि माणूस त्यांत हजारो वर्षं राहिला. लेझेझी या गावाजवळ १८६८ साली रेल्वेचं काम चालू असताना कड्याच्या पायथ्याशी मानवी सांगाडे सापडले. त्या जागेचं नाव क्रो-मॅन्यों. शाळेच्या पुस्तकात भेटलेला ‘क्रो-मॅग्नन मानव’ तो हाच, आणि त्याची कपार आजही गावातून चालत जाऊन पाहता येते. पुढे १९०१ साली याच परिसरात फाँ-द-गोम आणि कोंबारेल या चित्रगुहा जगापुढे आल्या. त्यात देनी पेरोनी या गावच्या शाळामास्तरांचा मोठा हात होता. लेझेझीचं संग्रहालयही त्यांनीच उभं केलं.

मग लास्को. सप्टेंबर १९४० मध्ये फ्रान्स नुकताच जर्मनांपुढे पडलेला असताना माँतिन्याक गावाजवळच्या टेकडीवर चार पोरं एका भोकातून आत उतरली आणि त्यांच्या दिव्याच्या उजेडात बैल, घोडे, हरणं धावू लागली. चित्रं सतराएक हजार वर्षांची, काहींच्या मते त्याहूनही जुनी. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली आणि लवकरच दिवसाला हजाराच्या वर माणसं आत जाऊ लागली. माणूस म्हणजे श्वास, घाम आणि ऊब. कार्बन डायऑक्साइड वाढला, भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, चुन्याचा पांढरा थर चढू लागला. हजारो वर्षं टिकलेलं पंधरा वर्षांत बिघडायला लागलं. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. तिच्यावर गावाचं पोट चालत होतं, तरीही केली, आणि ती आजतागायत बंदच आहे.

मग पाहायचं काय? नक्कल. गुहेपासून हाकेच्या अंतरावर १९८३ मध्ये ‘लास्को २’ झाली. चित्रकार मोनिक पेत्राल यांनी मूळ चित्रकारांसारखेच मातीचे रंग वापरून भिंती वर्षानुवर्षं खपून रंगवल्या. २०१६ अखेर टेकडीच्या पायथ्याशी ‘लास्को ४’ उघडली. तिच्यात जवळजवळ सगळी चित्रं आहेत आणि गुहेतला गारवाही आणला आहे. “नक्कल बघायला इतक्या लांब कशाला?” असं विचारणारे भेटतात. मला तो प्रश्न पटत नाही. खडकाच्या फुगवट्यावरच बैलाचा खांदा कसा बेतला आहे, हे नकलेतही तितकंच दिसतं, आणि आपल्या उच्छ्वासानं अस्सल चित्र झिजत नाही. पूर्वी आत गेलेल्यांचा मला हेवा जरूर वाटतो, पण म्हणून ते दार पुन्हा उघडावं असं वाटत नाही.

अस्सलच हवं असेल तर फाँ-द-गोम आहे. तिथले रंगीत गवे मूळचे, पण रोज मोजक्याच माणसांना प्रवेश, त्यामुळे तिकीट आधी काढावं लागतं. दुसरी रुफिन्याक. हिच्यात छोट्या विजेच्या गाडीत बसून किलोमीटरभर आत जायचं. वाटेत जमिनीत मोठाले खळगे दिसतात. ती गुहेतल्या अस्वलांची हिवाळी झोपेची जागा. भिंतींवर त्यांच्या नख्यांचे ओरखडेही आहेत. शेवटी जिथे गाडी थांबते तिथल्या बुटक्या छतावर काळ्या रेषांत मॅमथ, घोडे आणि रानबोकड काढलेले आहेत, आणि त्यांच्या मधूनमधून, काही ठिकाणी अंगावरच, शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या हौशी मंडळींनी मेणबत्तीच्या काजळीनं आपापली नावं लिहून ठेवली आहेत. गडांवरच्या बदामातली नावं वाचून वैतागलेल्या मराठी पाहुण्याला इथे जरा बरं वाटेल.

लास्को बंद करण्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, मालरो यांनी आणखी एक काम केलं होतं. एकटीदुकटी वास्तू न जपता जुन्या गावाचा अख्खा भाग जपायचा, असा कायदा त्यांच्या नावानं आला. तो ज्या शहरांत सुरुवातीलाच लागू झाला त्यांत पेरिगोरमधलं सार्ला होतं. मालरो १९४४ मध्ये याच भागात जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत वावरले होते, हाही योग. सार्ला टिकलं ते खरं म्हणजे गरिबीमुळे. मोठ्या रस्त्यांपासून दूर, व्यापार बसलेला, त्यामुळे जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात गावाच्या मधोमध एक सरळ रस्ता फाडला गेला, तेवढंच काय ते नुकसान. उरलेल्या गल्ल्यांत मधाच्या रंगाचा दगड आणि वर ‘लोझ’, म्हणजे चुनखडीच्या चपट्या दगडांची छपरं. अशा छपराचं वजन चौरस मीटरला अर्धा टन भरतं. ते पेलायला खाली ओकचं जाडजूड लाकूड आणि उतार कमालीचा उभा. हे छप्पर घालणारे कारागीर आता थोडे उरलेत आणि महागही आहेत.

बुधवारी आणि शनिवारी सार्लाचा बाजार भरतो. पडीक झालेल्या सेंट-मारी चर्चला वास्तुकार जाँ नूव्हेल यांनी उंचच उंच पोलादी दारं बसवून त्याची मंडई केली. नूव्हेल यांचं लहानपण याच गावातलं. बाजारात अक्रोड, त्याचं तेल, शेळीच्या दुधाचं चपटं चीज, उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी आणि जिकडे पाहाल तिकडे बदक. इथला फ्वा ग्रा जगभर जातो. बदकांना आणि हंसांना नळीनं मका भरवून वाढवलेलं ते यकृत असतं, हे माहीत असलेलं बरं. शाकाहाऱ्यांना हॉटेलात मेनूकार्ड उलटसुलट करावं लागेल. म्हणून या भागात ‘जीत’ घ्यावं. जीत म्हणजे भाड्यानं मिळणारं खेड्यातलं घर, स्वयंपाकघरासकट. ही पद्धत फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात रुजली. गाव सोडून शहराकडे निघालेल्या शेतकऱ्याला रिकाम्या घरातून चार पैसे मिळावेत, हा हेतू होता. मोसमात घर बहुधा शनिवार ते शनिवार मिळतं. दुपारी १२ ते २ गावातली दुकानं बंद, सोमवारी बऱ्याचदा दिवसभर बंद. भाजी सकाळीच आणायची.

दोर्दोन्य नदीकाठचे किल्ले सगळेच पाहायच्या भानगडीत पडू नये. बेनाक आणि कास्तेल्नो हे समोरासमोरचे दोन पुरेत. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांकडे, कास्तेल्नो बराच काळ इंग्रजांकडे. १४५३ मध्ये याच नदीच्या खालच्या अंगाला कास्तियोंच्या लढाईत इंग्रज हरले आणि गेले. विसाव्या शतकात घरं विकत घेत परत आले, असं स्थानिक लोक हसत सांगतात. बाजारात इंग्रजी इतकं कानावर पडतं की ते खोटंही वाटत नाही. बाहेरच्यांची ही घरं वर्षातले कित्येक महिने कुलूपबंद असतात. देखण्या गावात रात्री चारच खिडक्यांत दिवा दिसतो, ही या जपणुकीची दुसरी बाजू.

जवळच मिलांदचा वाडा आहे. तो जोसेफिन बेकर या अमेरिकी कृष्णवर्णीय नर्तकीनं १९४७ मध्ये विकत घेतला आणि जगभरातून दत्तक घेतलेली बारा मुलं तिथे वाढवली. पुढे कर्जापायी वाडा गेला. २०२१ मध्ये फ्रान्सनं तिला पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात मानाची जागा दिली.

कादुआं हे गाव मात्र चुकवू नये. इथल्या मठात ख्रिस्ताच्या मस्तकावरचं म्हणून एक वस्त्र शतकानुशतकं पुजलं जात होतं. यात्रा मोठी भरायची. १९३० च्या दशकात अभ्यासकांनी त्याची किनार वाचली, तर ती निघाली कूफी या अरबी लिपीत. तिच्यात अकराव्या शतकाच्या अखेरच्या इजिप्तमधल्या फातिमी खलिफाचं नाव आणि अल्लाची स्तुती. बिशपनी १९३४ मध्ये यात्राच बंद केली.

जायचं कधी? जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो, तेव्हा सार्लात गाडी लावायला जागा मिळत नाही. मे, जून आणि सप्टेंबर उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर अक्रोड नुकते उतरलेले असतात, चेस्टनट आणि रानातल्या अळंब्या बाजारात असतात, पण नदीवरच्या सपाट तळाच्या ‘गाबार’ नावा तोवर बांधून ठेवायला लागलेल्या असतात आणि खेड्यातल्या खानावळी एकेक करून मिटतात. पॅरिसहून बोर्दोपर्यंत वेगवान रेल्वे दोन-सव्वादोन तासांत नेते, तिथून सार्लाला साधी गाडी मिळते. पुढे मोटार लागतेच. रस्ते अरुंद, वळणावळणाचे, आणि गाडी उजव्या बाजूनं हाकायची. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतूनच काढून घ्यावा.