रिक्षा उचलायची कशी?

उद्यमबागेतल्या मामांच्या गॅरेजात रिक्षा कुशीवर कलंडवूनच खालचे काम चाले. एकदा बॅटरीतले अ‍ॅसिड पोऱ्याच्या हातावर सांडले, तेव्हा मामा म्हणाले, "तू इंजिनिअरिंग शिकतोस ना? मग लिफ्ट बघ!"

मोटारसायकलची कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट परवडली. पण तिचा पाट जेमतेम दोन फूट रुंद. रिक्षाचे पुढचे चाक त्यावर बसे, मागची दोन्ही बाहेर. म्हणून पाटाखालून आरपार दोन लोखंडी चॅनेल घातले, त्यांवर बाजूच्या फळ्या बसवल्या. नुसत्या कडेला वेल्ड केलेल्या फळ्या भाराने उकलल्या असत्या. खालचा पायाही रुंद करावा लागला.

खरा घोळ गुरुत्वमध्याचा. लिफ्ट किती किलो उचलते एवढेच पाहून भागत नाही. समजा, रिक्षा ३५० किलोची, समतल उभी असता पुढच्या चाकावर १०० किलो आणि आसांमधील अंतर २००० मिलिमीटर. तर गुरुत्वमध्य मागच्या आसापासून ५७१ मिलिमीटरवर. तो कात्रीच्या मध्यावर आणायचा. पण मागच्या आसावरचे ५० किलोचे इंजिन उतरवताच तो ६६७ वर जातो! पुढे तीन चाकांचा त्रिकोण निमुळता, त्यामुळे गाडी कुशीला कलण्याचा धोका वाढतो. इंजिन सोडवण्याआधीच ती दोन्हीकडून पट्ट्यांनी आवळावी.

आणि तेलाच्या दाबावर विसंबून खाली शिरू नये. आधी लॉकची पिन. मामांना ती कटकट वाटते, त्यावरून आमचे अजून वाजते.