काळ्या रंगाची पातळ ढाल

अहिल्यानगर–सोलापूर मार्गावरील मिरजगाव हा कर्जत तालुक्याचा कमी पावसाचा भाग. अशा मुलखात काळ्या स्पोर्ट्‌स कारचा मोठा शत्रू म्हणजे धूळ. कोरड्या फडक्याने पुसताच तिचे कण सूक्ष्म ओरखडे पाडतात आणि काळ्या रंगावर ते उन्हात जाळ्यासारखे दिसतात.

रंगावरील पारदर्शक लेप साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. पॉलिशने घासल्यावर ओरखडा जातो, पण त्याबरोबर लेपही झिजतो. तो पुन्हा वाढत नाही. म्हणून पॉलिश क्वचितच करावे.

आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. मग सावलीत दोन बादल्या घ्याव्यात: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे. बोअरच्या क्षारांचे डाग पडण्याआधी मऊ मायक्रोफायबरने पाणी टिपावे. शेवटी मेणाचा पातळ थर द्यावा. पुढे झिजेल ते मेण, लेप नव्हे.