उल्हासचा उन्हाळा आणि गाळातला शिंपला

एप्रिल उजाडला की कर्जत-नेरळ पट्ट्यातले ओहोळ कोरडेठाक पडतात. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुलखात हे कसे, असे नवख्याला वाटते. पण सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही. पाऊस पडला की पाणी धावत सुटते, दिवाळीनंतर झरे एकेक करून आटतात आणि होळीपर्यंत ओढ्यात दगडगोटे आणि मधूनमधून उरलेले डोह एवढेच शिल्लक राहते. मग भर मे महिन्यात उल्हास नदी बदलापूरच्या बॅरेजपर्यंत वाहते ती कुणाच्या जिवावर?

उत्तर घाटमाथ्यावर आहे. मावळात आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण आहे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. म्हणजे हे पाणी मुळात पंढरपूरकडे जाणारे. टाटांनी ते अडवले, उलटे पश्चिमेला वळवले आणि घाटावरून खाली भिवपुरीच्या वीजगृहात सोडले. १९२२ साली भिवपुरीची जनित्रे फिरू लागली. जनित्रातून बाहेर पडलेले पाणी पेज नदीत उतरते आणि पेज उल्हासला मिळते. पेजेच्या याच पाण्यावर कर्जत तालुक्यात राजनाल्याचा कालवा चालतो आणि कोकणात एरवी विरळा असणारे उन्हाळी भात तिथे पिकते. उरलेले पाणी खाली येते. बदलापूरच्या बॅरेजवर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ते बदलापूर-अंबरनाथसाठी उचलते. त्याखाली बारवी नदी येऊन मिळते. तिच्यावरचे एमआयडीसीचे धरण १९७२चे, नंतर उंची वाढवलेले. जांभूळच्या केंद्रातून एमआयडीसी पाणी शुद्ध करून पुढे पाठवते, उल्हासनगरची तहान त्यावरच भागते. आपल्या घरच्या नळाला येणारे पाणी कुठल्या डोंगरापलीकडून आले, हे स्टेशनवर लोकलची वाट पाहणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना सांगता येणार नाही.

या सगळ्या हिशेबात पाणी मोजले जाते ते एमएलडीत, म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर. धरणात इतका टक्के साठा, पावसाळ्यापर्यंत इतके दिवस पुरेल, म्हणून आठवड्यातून अमुक दिवस कपात. माणसासाठी ही रीत ठीक आहे. कपातीच्या दिवशी पिंप भरून ठेवता येते. नदीच्या तळाशी गाळात अर्धे रुतून बसलेल्या शिंपल्याला ती सोय नाही. त्याच्या दृष्टीने वर्षभराची सरासरी निरुपयोगी. वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा कसा गेला, एवढ्यावर त्याचे जगणे-मरणे ठरते.

गोड्या पाण्यातला शिंपला बहुतेकांनी पाहिला असतो तो रिकामा, पोरांनी काठावरून उचललेला. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांत सर्वाधिक आढळणारा लॅमेलिडेन्स प्रजातीतला. लांबट, बाहेरून काळपट तपकिरी, आतून मोत्यासारखा चकचकीत. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने गोड्या पाण्यातले मोती पिकवण्याचे तंत्र बसवले ते याच शिंपल्यांवर. जिवंतपणी तो मागचे टोक पाण्यात ठेवून गाळात उभा रुतलेला असतो. त्या टोकाला दोन भोके असतात. एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. मधल्या मध्ये कल्ल्यांवर शेवाळाचे कण, जिवाणू, कुजका कचरा गाळला जातो. खाण्यासारखे ते पोटात, बाकीचे चिकट गोळ्या करून तळाशी. हे काम रात्रंदिवस चालते. मोठा शिंपला तासाला लिटरभराच्या घरात पाणी गाळू शकतो, आणि चांगल्या नदीत ते एका जागी शेकड्यांनी असतात. वीज नको, तुरटी नको.

प्रवाह घटला की पहिला फटका प्राणवायूला बसतो. वाहते पाणी खडकांवर आपटून हवा आत घेत राहते. थांबलेले पाणी तापते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात शेवाळ माजले की दिवसा ते प्राणवायू सोडते आणि रात्री ओढून घेते, त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत घातक. मासा पोहत डोहाकडे निघून जातो. शिंपला कवाड मिटून घेतो. मिटल्यावर तो जगतो, पण श्वासही थांबलेला आणि खाणेही. काही दिवस, थंड ओल्या गाळात त्याहून जास्त, तो असा तग धरतो. छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पैठणच्या गोदावरीतले शिंपले आणून त्यांचा प्राणवायूचा वापर, तापमान सोसण्याची ताकद यांवर प्रबंध लिहिले. दुष्काळी मराठवाड्याने शिंपल्याकडे निदान प्रयोगशाळेत तरी नीट पाहिले आहे.

पाणी ओसरू लागले की शिंपला गप्प बसत नाही. कवाडांच्या फटीतून मांसल पाय बाहेर काढून, गाळात रोवून, तो स्वतःला पुढे ओढतो. ओसरत्या काठावर नीट पाहिले तर ओल्या गाळात बोटाने ओढल्यासारखी खोल रेघ दिसते, कधी सरळ, कधी गोल फिरून परत तिथेच आलेली. रेघेच्या टोकाला शिंपला असतो. तो पाण्यापर्यंत पोचलेला असेल किंवा नसेल; बगळे आणि कावळे दुसऱ्या प्रकारच्यांची वाट पाहत असतात. वेग म्हणाल तर तासाला काही सेंटिमीटर. पाणी दिवसाला बोटभर उतरले तर तो गाठतो, रातोरात हातभर उतरले तर नाही.

हीच गोष्ट अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या फ्लिंट नदीवर फार बारकाईने तपासली गेली. तिथले शेतकरी भूगर्भातले पाणी उपसून, गोल फिरणाऱ्या लांबलचक तुषार यंत्रांनी मका, कापूस, भुईमूग भिजवतात. जमिनीखालचे ते पाणी आणि ओढ्यातले पाणी एकच असल्यामुळे उपसा वाढला की ओढे खालून आटतात. २००० सालच्या दुष्काळात कित्येक ओढे थांबले आणि शिंपले ढिगांनी मेले. प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला तिथे मरतुक वाढली. पडलेल्या झाडांची खोडे पात्रात राहिली होती तिथे मात्र खोडांच्या आडोशाला, खणल्या गेलेल्या खड्ड्यांत बरेच शिंपले वाचले. राज्याने त्याच वर्षी कायदा केला आणि २००१ मध्ये चक्क लिलाव मांडला. यंदा पाणी न उपसायला एकरी किती घ्याल? सुमारे ३३,००० एकर शेती सरासरी १३६ डॉलर एकराने त्या हंगामात कोरडी ठेवली गेली. उपाय पूर्ण यशस्वी झाला असे नाही, पण नदीत पाणी राहू देण्याची किंमत सरकारने शेतकऱ्याच्या हातात ठेवली, हे मला आवडते. आपल्याकडे ती किंमत कुणी विचारतही नाही.

उल्हासची गत फ्लिंटच्या उलट आहे. तिथे सिंचनाने ओढा आटवला, इथे वीजगृहाने नदी जिवंत ठेवली. पण जिवंत ठेवणाऱ्याच्या मर्जीवर. भिवपुरीसारखी जलविद्युत केंद्रे विजेची मागणी चढते त्या वेळी जोरात चालवण्यासाठीच सोयीची असतात. जनित्र सुरू म्हणजे पाणी सुरू, बंद म्हणजे बंद. मुंबईतल्या वातानुकूलन यंत्रांचा आणि पेजेच्या काठावरल्या पाणपातळीचा असा संबंध आहे. खाली बॅरेजच्या फुगवट्यात पाणी बारा महिने असते, पण ते संथ, गाळाने भरलेले, उन्हाळ्यात वरून जलपर्णीने झाकलेले. जलपर्णीखाली ऊन पोचत नाही, कुजके तळाशी साचते, प्राणवायू जातो. भरलेले पाणी दिसते म्हणून नदी ठीक आहे असे समजणे, ही बदलापूर-उल्हासनगरातली नेहमीची फसगत.

तिची टोकाची आवृत्ती पाहायची तर वालधुनी नदीवर जावे. काकोळ्याच्या डोंगरात उगम, तिथेच रेल्वेने बांधलेला जीआयपी तलाव. त्याचे पाणी आज रेल नीरच्या बाटल्यांत जाते. तिथून खाली १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून, अंबरनाथ-उल्हासनगरच्या वस्त्यांमधून ती कल्याणकडे जाते. उन्हाळ्यात तिच्यात जे वाहते ते सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी. ती आटत नाही. दुष्काळातही वाहते. २०१४च्या नोव्हेंबरात तिच्यात टँकरने ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसे गुदमरली. प्रवाहाचा आकडा कागदावर बरा दिसणारी ही नदी शिंपल्याच्या हिशेबी कधीच संपली आहे.

शिंपल्याने नुसते स्वतः जगून भागत नाही. त्याची पिल्ले टाचणीच्या टोकाएवढी असतात आणि सुरुवातीला परजीवी. माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही आठवडे काढतात, मग गळून तळाशी बसतात. शिंपल्याला वरच्या अंगाला जाण्याची हीच एक सवारी. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर ठाणे-रायगडात वलगणीचे मासे चढतात, सारा गाव पागेऱ्या घेऊन धावतो. बंधारा आडवा आला की मासा थांबतो आणि त्याच्या अंगावरचा शिंपलाही. वरच्या ओढ्यात एका कोरड्या वर्षी शिंपले मेले, तर पुन्हा पेरणारे कुणी उरत नाही.

दरम्यान, घाटावर वेगळाच वाद धुमसतो आहे. दुष्काळ पडला की पुणे-सोलापूरकडून मागणी येते की टाटांच्या धरणांचे पाणी पश्चिमेला सोडू नका, ते भीमेचे आहे. मागणीत तथ्य आहे. शंभर वर्षांपूर्वी विजेला दुसरा पर्याय नव्हता, आज आहे. पण ते पाणी उद्या खरेच वळले तर कर्जतचे उन्हाळी भात, बदलापूरचे नळ आणि पेज-उल्हासचा तळ यांचे काय, याचे उत्तर त्याच बैठकीत द्यावे लागेल. नळांचे उत्तर शोधले जाईल, मतदार असतात. भाताचेही कदाचित.

तळासाठी करण्यासारखे मात्र आजही आहे, आणि त्याला एक थेंबही जास्तीचा लागत नाही. पाणी कमी करायचे असेल तेव्हा एका झटक्यात बंद न करता दोन-चार दिवसांत उतरवत न्यायचे. बॅरेजच्या वरचा गाळ काढताना यंत्र सरसकट काठाला न घालता डोह राखायचे. पात्रात पडलेली झाडे, वाहतुकीला किंवा पुलाला धोका नसेल तिथे, तशीच राहू द्यायची. पहिल्या पुराचे दोन आठवडे बंधाऱ्याची एक फळी काढून ठेवायची. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी शाखा अभियंत्याच्या अखत्यारीत येते. मंत्रालयापर्यंत जायचीही गरज नाही.