आभासी स्पर्श – लेखांक ५ : हाताला घाई असते

मागच्या आठवड्यात गेम इंजिनातली मऊ वस्तू कशी घडते ते पाहिले: बिंदूंची जाळी, त्यांना बांधून ठेवणारे नियम आणि दर पावलाला होणारी फेरमांडणी. आता त्या वस्तूला हात लावू.

समजा, शस्त्रक्रियेच्या सरावासाठी यकृताचे मॉडेल केले आहे आणि शिकाऊ डॉक्टरच्या हातात ‘टच’ हे पेनच्या आकाराचे उपकरण आहे. पेनाचे टोक पडद्यावरच्या यकृतात रुतले की उपकरणातल्या मोटरी हात मागे रेटतात. या घराण्याचे मूळ उपकरण ‘फॅंटम’. थॉमस मॅसी आणि केनेथ सॉलिसबरी यांनी ते १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात एमआयटीमध्ये तयार केले. ‘टच’चा जोर जास्तीत जास्त ३.३ न्यूटन, म्हणजे साधारण ३३५ ग्रॅम वजनाइतका.

मात्र खरी अडचण जोराची नाही, वेळेची आहे. सेकंदाला ६० चित्रे मिळाली की डोळा समाधानी असतो. हाताचे तेवढ्यावर भागत नाही. उपकरणाला सेकंदाला सुमारे १००० वेळा नवा जोर कळवावा लागतो. ‘युनिटी’ इंजिनात भौतिकीचे पाऊल, आपण बदलले नाही तर, ०.०२ सेकंदांचे असते. म्हणजे सेकंदाला फक्त ५० हिशेब.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. पेन सेकंदाला १० सेंमी वेगाने आत चालले असेल, तर दोन पावलांच्या मध्ये ते २ मिमी पुढे सरकते. यकृताचा ताठरपणा मिलिमीटरला अर्धा न्यूटन धरला, तर जोर एकदम १ न्यूटनने वाढतो आणि हाताला मऊपणाऐवजी ठोका बसतो. त्यात मिळणारा जोर कायम शिळा: आत जाताना हवा त्याहून कमी, बाहेर येताना जास्त. हाताने घातली त्याहून अधिक ऊर्जा परत येते आणि पेन थरथरू लागते.

सगळे यकृत सेकंदाला १००० वेळा सोडवणे हजारो बिंदूंच्या जाळीला सहसा परवडत नाही. म्हणून कामाची वाटणी करतात. संथ थ्रेड पूर्ण यकृत सोडवतो आणि टोकाजवळच्या पृष्ठभागाचा छोटा तुकडा, त्याची दिशा आणि ताठरपणा एवढेच वेगवान थ्रेडकडे पाठवतो. नवा तुकडा येईपर्यंत वेगवान थ्रेड त्याच्यावरच जोर काढत राहतो. तुकडा बदलताना जुन्यावरून नव्यावर हळूहळू सरकतो.

जोर काढण्याची युक्तीही साधी आहे. पेनाचे टोक आत घुसले तरी पडद्यावरचा त्याचा प्रतिनिधी पृष्ठभागावरच थांबवायचा. दोघांमध्ये एक काल्पनिक स्प्रिंग आणि डॅम्पर बसवायचा. स्प्रिंग ताणेल तेवढा जोर हाताला, तेवढाच उलटा यकृताला. प्रतिनिधीची ही कल्पना झिलेस आणि सॉलिसबरी यांनी १९९५ मध्ये ‘गॉड-ऑब्जेक्ट’ या नावाने मांडली. खेळांत रुळलेल्या ‘पोझिशन बेस्ड डायनॅमिक्स’ पद्धतीला ती विशेष सोयीची, कारण तिथे बिंदू थेट हलवले जातात; हाताला द्यायला तयार जोर हाती नसतोच. त्या पद्धतीत पाऊल किंवा फेऱ्यांची संख्या बदलली की वस्तूचा ताठरपणाही बदलायचा. २०१६ मधल्या ‘एक्सपीबीडी’ या तिच्या सुधारित रूपाने तो दोष बराचसा दूर केला.

स्वतः प्रयोग करणाऱ्यांनी स्पर्शाचा लूप इंजिनाच्या फ्रेमला कधीही बांधू नये. आधी सपाट भिंत, मग एकच स्प्रिंग आणि हे दोन्ही न थरथरता चालले की मगच मऊ वस्तू. पुढच्या लेखात हेच यकृत कापायचे आहे.