परक्या भूमीवर आपलें घर

घर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जोतें, भिंती आणि छप्पर उभें राहतें. आणि भाड्याचें घर म्हणजे या तिन्ही गोष्टी मालकाच्या, आपली केवळ वस्ती, अशी आपली समजूत असते. परंतु अलीकडे या समजुतींत न बसणारा एक प्रकार दिसूं लागला आहे. मोकळा भूखंड भाड्यानें घ्यावयाचा आणि त्यावर स्वतःच्या पैशानें लांकडी बंगली, कंटेनरचें घर किंवा चाकांवरची राहती गाडी आणून संसार थाटावयाचा. जमीन एकाची, घर दुसऱ्याचें! पण उद्यां मालकानें 'जागा रिकामी करा' म्हटलें तर या कुटुंबास कायद्याचा आधार किती, हा प्रश्न घर आणण्यापूर्वींच विचारावयास हवा.

हाच प्रश्न विलायतेंतील न्यायालयांपुढें दोनदां येऊन गेला आहे. दक्षिण वेल्समध्यें एक लांकडी बंगली कांक्रीटच्या ठोकळ्यांवर नुसती टेकलेली होती. जमिनीशीं तिचा एकहि खिळा जोडलेला नव्हता. राहणारा केवळ जागेचें वार्षिक भाडें देई. जमिनीच्या नव्या मालकानें त्यास उठवावयाचें ठरविलें. १९९७ सालीं उमरावसभेच्या न्यायपीठानें निर्णय दिला कीं, जी बंगली मोडल्यावांचून हलवितां येत नाहीं ती जमिनीचाच भाग होय. सबब तेथील रहिवाशास भाडेकायद्याचें संरक्षण मिळालें. उलट, थेम्स नदींत चेल्सी येथें दोरखंडांनीं बांधलेली एक नौका भाड्यानें घेऊन तींत राहणाऱ्यास अपील न्यायालयानें २००० सालीं तें संरक्षण नाकारलें. नौकेंत पाणी होतें, वीज होती, नित्याचा संसार होता. परंतु दोर सोडले कीं ती चालती होणार! सारांश, तेथें वस्तूचें नांव काय हें पाहिलें गेलें नाहीं; ती भूमीशीं किती एकजीव झाली आहे हेंच पाहिलें गेलें.

आपल्या देशांतील कायद्याची वाट मात्र थोडी निराळी आहे. जमिनीस जें जोडलें तें जमीनमालकाचें, हें इंग्रजी तत्त्व येथें जसेंच्या तसें लागू नाहीं, असें कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १८६६ सालींच सांगितलें. पुढें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्यें, वेगळा करार नसल्यास, भाडेकरूस जमिनीवर स्वतः जोडलेल्या वस्तु काढून नेण्याची मुभा दिली गेली. अट दोन प्रकारची: जागेचा ताबा आहे तोंवरच त्या काढाव्यात, आणि जमीन जशी मिळाली तशी परत करावी. म्हणजे घर आपलेंच राहतें. परंतु त्याच कलमानें, शेतीचें प्रयोजन सोडून, मालकाच्या संमतीवांचून कायम स्वरूपाचें बांधकाम करण्यास मनाईहि केली आहे. तसें केल्यास करारभंग होतो. आणि पट्ट्यांत तशी अट असेल तर पट्टाच संपुष्टांत येऊं शकतो.

मग घर सुटें ठेवलें म्हणजे निर्धास्त झालों काय? नाहीं. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्यांत 'जागा' या शब्दांत शेतीखेरीज इतर मोकळी जमीनहि येत असे. ३१ मार्च २००० पासून अंमलांत असलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यांत 'जागा' म्हणजे इमारत किंवा तिचा भाग; सोबतचें अंगण किंवा बाग तींत येईल, पण नुसता मोकळा भूखंड येत नाहीं. असा भूखंड महिनेवारीनें घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीनें ती भाडेदारी संपते. त्यानंतरहि मालकास बळानें घर उचलून टाकतां येत नाहीं; ताब्यासाठीं त्यास न्यायालयांतच जावें लागतें. पण तेवढ्या आधारावर मुलांच्या शाळा आणि म्हाताऱ्या माणसांचीं औषधें कोण सोंपवील?

तात्पर्य हें कीं, वेल्समधील त्या कुटुंबास घर रुजल्यामुळें रक्षण मिळालें. आपल्याकडे परवानगीवांचून रुजविलें तर दोष, आणि सुटें ठेवलें तरी आधार नाहीं. म्हणून अशा घराचें खरें जोतें म्हणजे करारपत्र. मुदत स्पष्ट असावी. ती एक वर्षाहून अधिक असल्यास दस्त नोंदविलेला असावा. घराचें वर्णन नकाशासह लिहून त्यास मालकाची लेखी संमति घ्यावी. घर कोणाचें, तें कोण व किती दिवसांत हलविणार, पाणी, वीज व मैला यांची सोय कोणाकडे, हें सर्व त्यांत यावें. भूखंड अविभक्त कुटुंबाचा असेल तर एका भावाच्या तोंडी होकारावर विसंबूं नये. सर्व हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात. घरोब्याचे संबंध असतात तेथेंच लिहून घेण्याचा संकोच वाटतो, आणि पुढें मनें दुखावतात तीहि तेथेंच.

शिवाय मालकाची संमति म्हणजे सरकारची परवानगी नव्हे. राज्याच्या बहुतेक भागांस लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलींत 'इमारत' म्हणजे कोणत्याहि साहित्याची रचना होय. प्रासंगिक कार्याचे, परवानगीनें उभारलेले मांडव आणि तंबू तेवढे तींतून वगळले आहेत. तेव्हां पत्र्याचें आहे, लांकडाचें आहे, असें म्हणून सुटका होत नाहीं. जमीन शेतीची असल्यास तिच्या वापराचे निर्बंध निराळेच. म्हणून सातबारा पाहून स्थानिक नियोजन कार्यालयांत आधीं चौकशी करावी.

घर चाकांवर असो वा खांबांवर, त्यांत निजणारीं माणसें सारखींच असतात. मालकानें आपली जमीन सांभाळावी, राहणारानें आपलें छप्पर. आणि दोघांनींहि आपला शब्द वेळीं कागदावर उतरवावा. तो कागद करावयास एक दुपार लागते. तो नसल्यास जो वाद उभा राहतो, त्यांत मात्र वर्षें जातात.