कोवळी रोपे आणि माघातील थंडी

थंडीचा काळ मार्गशीर्ष आणि पौष या दोन महिन्यांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संक्रांत झाली की दिवस तिळातिळाने वाढतो आणि महाशिवरात्रीस थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे घरोघरी म्हटले जाते. शाळेच्या परसबागेतील कामेही याच समजुतीवर बेतलेली असतात. जानेवारीच्या अखेरीस काकडी, दोडका, भोपळा, भेंडी, गवार यांचे बी टोचले जाते. वाफ्यातील टोमॅटो, वांगी व मिरची यांची रोपे सरीवर लावली जातात. दुपारचे ऊन चटका देऊ लागलेले असते, त्यामुळे आता थंडीचे भय उरले नाही असे वाटते. आणि नेमक्या अशाच वेळी, माघातील एखाद्या निरभ्र रात्री, दोन पानांवर आलेली रोपे काळवंडून जातात.

ही आपत्ती काल्पनिक नव्हे. शेजारच्या अकोल्यात नोंदले गेलेले नीचांकी तापमान 2.2 अंश सेल्सिअस असून ते डिसेंबरातील वा जानेवारीतील नाही. ते 9 फेब्रुवारी 1887 या दिवशीचे आहे. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. बुलढाणा जिल्ह्यात दहिवर गोठून पानांवर हिम साचल्याचे दृश्य विरळाच. परंतु कोवळे रोप करपण्यास हिमच पडावे लागते असे नाही. काकडी, भोपळा, मिरची, पपई, केळी ही उष्ण प्रदेशाची पिके होत. पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी, केवळ गारठ्यानेच, त्यांच्या पेशींना इजा पोहोचते.

शाळेच्या दृष्टीने हे नुकसान दोन-चार सरींपुरते नसते. परसबागेतील भाजी मुलांच्या मध्यान्ह भोजनात जाते, हा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्या मुलाने आळे केले, बी टोचले, घरून तांब्या आणून पाणी घातले, त्याच्या दृष्टीने ते रोप म्हणजे स्वतःच्या श्रमाचे पहिले दृश्य फळ होय. ते एका रात्रीत का गेले, याचे उत्तर शिक्षकाने ‘दैव’ असे दिले, तर मूल दैवच शिकते. कारण व उपाय सांगून पुढच्या थंड रात्री तेच रोप वाचवून दाखविले, तर मूल विज्ञान शिकते.

थंडी येते कोठून?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले पावसाळी वाऱ्यांचे आवर्त उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकतात. त्यांच्यामुळे हिमालयात हिमवृष्टी होते. ते पुढे निघून गेले की त्यांच्यामागून उत्तरेकडील कोरडी, थंड हवा मध्य भारतात व विदर्भात उतरते. हे चक्र फेब्रुवारीतही थांबलेले नसते. म्हणून एक-दोन दिवस आभाळ भरून यावे, मग ते एकाएकी स्वच्छ व्हावे आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटावा, हे लक्षण दिसताच शिक्षकांनी सावध व्हावे. सायंकाळी हा वारा पडला आणि आकाशात चांदण्या लखलखीत दिसू लागल्या, म्हणजे धोक्याची रात्र आली असे समजावे.

वारा पडल्यावर व आभाळ स्वच्छ झाल्यावरच धोका का वाढतो? जमीन दिवसा सूर्याची उष्णता घेते आणि रात्री ती आकाशाकडे परत फेकते. आभाळात ढग असले तर ते गोधडीप्रमाणे ही उष्णता अडवून काही अंशी माघारी पाठवितात. आकाश निरभ्र व हवा कोरडी असली तर ती अडविणारे कोणी राहत नाही. वारा वाहत असला तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. तो थांबला की जमिनीलगत गार हवेचा थर बसतो. झाडाचे पानही जमिनीप्रमाणेच आपली उष्णता आकाशाला देत असते. म्हणून ते भोवतालच्या हवेहूनही थंड होते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. आकाशवाणीवर 6 अंश तापमान सांगितले गेले, तर जमिनीलगतच्या रोपाच्या पानाला त्याहून तीन-चार अंश अधिक गारठा सोसावा लागत असेल, हे ध्यानी धरावे.

बर्फ करणाऱ्यांची युक्ती

या तत्त्वाचा उपयोग भारतातील कारागीर फार पूर्वीपासून करीत आले होते. अलाहाबादेच्या परिसरात हिवाळ्याच्या रात्री बर्फ तयार करण्याची जी रीत होती, तिचे वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणून त्यांत उसाच्या वा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर पसरीत आणि त्यावर पाण्याने भरलेल्या उथळ मातीच्या परळ्या ठेवीत. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पहाटेपर्यंत परळ्यांत बर्फ धरे. वर उघडे आकाश पाण्याची उष्णता ओढून घेई आणि खालचा ताटांचा थर जमिनीची ऊब परळीपर्यंत पोहोचू देत नसे. पुढे 1814 साली विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या वैद्याने दहिवरावरील आपल्या निबंधात याची नीट मीमांसा केली. त्याने हिरवळीवर चार काटक्या रोवून, सुमारे सहा इंच उंचीवर एक पातळ हातरुमाल ताणून बांधला. रुमालाखालील गवत बाहेरच्या गवताहून कित्येक अंशांनी उबदार राहिलेले त्याला आढळले. बागवान पातळ चटयांनी रोपे झाकतात, त्या चटईने काय थंडी अडणार, असे आधी त्यालाही वाटत असे. या प्रयोगाने बागवानांचेच खरे ठरले.

बर्फ करणाऱ्याचे काम आणि माळ्याचे काम परस्परांच्या अगदी उलट आहे. पहिल्याने जमिनीची ऊब तोडावयाची व आकाश उघडे ठेवावयाचे. दुसऱ्याने जमिनीची ऊब रोपापर्यंत येऊ द्यावयाची व आकाश झाकावयाचे. पुढील सर्व उपाय या एका वाक्यात सामावलेले आहेत.

जागेची निवड

थंड हवा जड असते. ती पाण्याप्रमाणे उताराने वाहते आणि सखल भागात साचते. घाटावरील चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या तालुक्यांत टेकड्यांच्या कुशीतील खोलगट जागा, आणि घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात नाल्याकाठच्या सखल जागा या दृष्टीने धोक्याच्या होत. अशा ठिकाणी उताराच्या खालच्या बाजूस दाट कुंपण वा बांध असला तर थंड हवा तेथे तुंबते. कुंपणात वाट ठेवावी. नाजूक रोपांचा वाफा शक्यतो शाळेच्या इमारतीच्या दक्षिण बाजूस, भिंतीजवळ करावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री आपली ऊब वाफ्याला देते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी, कांदा व लसूण ही पिके थंडी सहज सोसतात. त्यांना उघड्या जागेत ठेवले तरी चालेल.

पाणी आणि आच्छादन

कोरड्या, भुसभुशीत मातीत हवेच्या पोकळ्या असतात. दिवसाची उष्णता अशा मातीत खोल जात नाही व साठूनही राहत नाही. पाण्याची उष्णता साठविण्याची शक्ती वजनावारी कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट आहे. म्हणून थंडीचा रंग दिसताच सकाळी वा दुपारी वाफ्याला हलके पाणी द्यावे, म्हणजे ओली जमीन दिवसभर तापेल. काळ्या जमिनीस भेगा पडलेल्या असल्यास त्या आधी मातीने बुजवाव्या. पाणी वीत-दीड वीत खोल मुरले की पुरे. चिखल करू नये.

येथे एक चूक हमखास होते. ओल टिकावी म्हणून रोपाच्या बुंध्याशी गवताचे वा पालापाचोळ्याचे आच्छादन घातलेले असते. उन्हाळ्यात ते हितकारक. पण थंड रात्री तेच अलाहाबादच्या ताटांच्या थराचे काम करते. दिवसा ते ऊन जमिनीला लागू देत नाही आणि रात्री जमिनीची ऊब पानांपर्यंत येऊ देत नाही. यास्तव थंडीची लाट असेतो कोवळ्या रोपांभोवतीचे आच्छादन बाजूस सारावे व लाट ओसरल्यावर पुन्हा पसरावे.

पांघरूण कसे घालावे?

झाकण्यासाठी विकत काही आणण्याचे कारण नाही. टोपली, डालगे, फुटके मडके, गोणपाट, जुने धोतर वा लुगडे, ज्वारीचा कडबा, हे सर्व गावात मिळते. तुराट्या किंवा पऱ्हाट्या वाफ्याभोवती रोवून त्यांवर गोणपाट तंबूसारखे पसरावे. तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, पांघरुणाची कड जमिनीपर्यंत पोहोचली पाहिजे. रोपाच्या माथ्याला फडके गुंडाळून बुंध्याशी बांधले, तर जमिनीची ऊब बाहेरच राहते. दुसरी, पांघरूण पानांना टेकू नये. विशेषतः प्लॅस्टिकचा कागद टेकला तर तेथील पान हटकून करपते. तिसरी, सकाळी ऊन अंगावर आले की पांघरूण काढावे. फेब्रुवारीत दुपारचा पारा तिशीच्या वर जातो. रात्री थंडीतून वाचलेले रोप दुपारी झाकणाखाली उकडून मरेल.

पपई, आंबा यांसारख्या कायम जागी लावलेल्या लहान कलमांना रोज झाकण्याऐवजी कडब्याची खोप करावी. ती तीन बाजूंनी व वरून बंद असावी; आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत येते.

शेकोटी पेटवून धूर करण्याची रीत निफाडच्या द्राक्षबागांत व खानदेशातील केळीच्या बागांत आहे. तेथे शेतकरी रात्रभर जागा असतो आणि मोठ्या क्षेत्रात अनेक लहान शेकोट्या पेटवितो. निव्वळ धुराने उष्णता फारशी अडत नाही. उपयोग होतो तो मुख्यतः विस्तवाच्या उबेचा. शाळेच्या आवारात, कडब्याच्या व गोणपाटाच्या शेजारी, रात्री विस्तव ठेवणे धोक्याचे आहे. तो उपाय शाळेने करू नये.

काम संध्याकाळचे आहे

रोप काळे पडलेले सकाळी दिसते, म्हणून सकाळी धावपळ होते; पण तेव्हा वेळ टळून गेलेली असते. जमिनीत दिवसाची ऊब असते ती सूर्यास्ताच्या सुमारास. तिला कोंडून धरावयाचे तर पांघरूण त्याच वेळी पडले पाहिजे. शाळा सुटण्याच्या घंटेपूर्वी दहा मिनिटे या कामासाठी राखावीत. शाळेजवळ राहणाऱ्या चार-पाच मुलांच्या पाळ्या लावून सकाळी झाकण काढण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. रविवारची पाळी विसरू नये. थंडीला सुटी नसते.

इतके करूनही काही रोपे काळवंडली, तर ती लगेच उपटू नयेत. हलके पाणी देऊन आठ-दहा दिवस वाट पाहावी. टोमॅटो, वांगी, मिरची यांचे खोड हिरवे असल्यास बेचक्यांतून नवे फुटवे निघतात. नवी फूट दिसल्यावरच मेलेला भाग छाटावा. काकडी, भोपळा यांच्या दोन पानांमधला कोंब मेला असेल, तर मात्र बी पुन्हा टोचावे. यासाठी सगळे बी एकाच दिवशी न संपविता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा पेरणे शहाणपणाचे ठरते.

वर्गासाठी एक प्रयोग

डिसेंबर-जानेवारीत, दहिवर पडते त्या दिवसांत, हिरवळीच्या तुकड्यावर चार विटा उभ्या ठेवून त्यांवर सायंकाळी एक पाटी आडवी ठेवावी. सकाळी मुलांना दोन्हीकडच्या गवताला हात लावावयास सांगावे. उघडे गवत भिजलेले आणि पाटीखालचे कोरडे किंवा जवळजवळ कोरडे आढळेल. दहिवर पावसासारखे वरून पडते, तर ते पाटीवर पडले, असे कोणी मूल म्हणेल. त्यास पाटीची खालची बाजू कोरडी का, आणि ढगाळ रात्री उघडे गवतही कोरडे का राहते, हे पाहावयास सांगावे. तापमापक उपलब्ध असल्यास एक पाटीखाली व एक उघड्यावर ठेवून, पहाटेचे आकडे मुलांनी वहीत लिहावेत. महिनाभराच्या नोंदीत आभाळ, वारा व तापमान यांचा संबंध मुलांस आपोआप उमगेल.

अशी वही ज्या शाळेत आहे, तेथील पाचवीचे मूल सायंकाळी आभाळाकडे पाहून ‘आज झाकावे लागेल’ असे सांगू शकते. घरी गेल्यावर तेच मूल आपल्या वडिलांना मिरचीच्या वाफ्याविषयी सांगते. परसबागेत पिकलेल्या भाजीपेक्षाही शाळेने गावाला दिलेली ही गोष्ट मोठी आहे.